घरगुती दुरुस्तीच्या व्यवसायासाठी नेमके कोणते परवाने लागतात? (सांगली)

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी एका प्लंबिंग ठेकेदाराकडे कामाला होतो. आता मेहुण्यासोबत स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा आहे. गळके नळ, दारांच्या कड्या-बिजागऱ्या, पंखे बसवणे, भिंतीत ड्रिल मारून रॅक लावणे, किरकोळ रंगकाम अशी सगळी कामे एका फोनवर करून द्यावीत, अशी कल्पना आहे. दुकान नाही, घराच्या पुढच्या खोलीत साहित्य ठेवणार आहोत. एक एजंट ‘सगळी लायसन्स’ काढून देण्याचे सात हजार रुपये मागत आहे. खरोखर काय लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (मिरज, कर सल्लागार)

या व्यवसायासाठी असा एकच परवाना नाही, त्यामुळे आधी एजंटला पैसे देऊ नका. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आपल्यासारख्या दोघा-तिघांच्या व्यवसायाला नोंदणी घ्यावी लागत नाही. काम सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना द्यावी लागते. लोक शॉप अॅक्ट म्हणतात तो कागद म्हणजे या सूचनेची पावती, आणि चालू खाते उघडताना बँक तीच मागते. उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडील लघुउद्योगाची नोंदणी, आधार आणि पॅनवर होते व तिला सरकारी शुल्क अजिबात नाही. व्यवसाय कराची, म्हणजे व्यवसाय करणाऱ्यांना राज्य सरकारला द्यावा लागणाऱ्या कराची, नावनोंदणी मात्र बरेच जण विसरतात आणि पुढे थकबाकी व्याजासह भरत बसतात. हा कर वर्षाला २,५०० रुपये आहे.

जीएसटीबाबत एक गैरसमज दूर करतो. ज्या वार्षिक उलाढालीनंतर नोंदणी सक्तीची होते, ती ४० लाखांची मर्यादा केवळ माल विकणाऱ्यांसाठी आहे. आपण मजुरीही घेणार असल्याने, नळ किंवा वायर स्वतः आणून दिली तरी, आपल्यासाठी ही मर्यादा २० लाखच राहते.

उत्तर २ (कुपवाड, परवानाधारक वायरमन)

कागदपत्रांचे वरती आलेच आहे. मला काळजी वाटते ती पंख्याच्या कामाची. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसा होता तसाच बदलण्याला, म्हणजे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप ज्याने बदलत नाही अशा कामाला, नियमांत सूट आहे. त्यापलीकडचे प्रत्येक काम, मग ते नवा पॉइंट काढण्याचे असो की वायरिंग वाढवण्याचे, शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत आणि परवानाधारक वायरमनच्या हातूनच व्हायला हवे.

गेल्या हिवाळ्यात मी एका घरी गेलो होतो. आधीच्या माणसाने गीझरसाठी सहा अँपिअरचा सॉकेट काढून तिथे सोळाचा बसवला होता, पण आतली वायर दिव्यांच्या पॉइंटची, बारीकच ठेवली होती. दोन किलोवॉटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. बोर्ड उघडला तेव्हा वायरचे आवरण वितळून मागच्या लाकडी पेटीला चिकटले होते आणि पेटीची एक कड काळी पडली होती. घरात दोन लहान मुले होती. सॉकेट बदलणे दिसायला किरकोळ, पण क्षमता बदलली की ते किरकोळ राहत नाही. कृपया अशी कामे आपल्या यादीत घेऊ नका. एखाद्या परवानाधारकाशी बोलून ठेवा आणि ती त्याच्याकडे पाठवा.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. सॉकेटचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. नव्या नळजोडणीचे काम आम्ही घेऊ शकतो का? आणि घरावर पाटी लावली तर?

उत्तर ३ (सांगली)

घरातला नळ, कॉक, फ्लश टाकी यांच्या दुरुस्तीला अडचण नाही. महानगरपालिकेच्या वाहिनीवरून नवी जोडणी घ्यायची असेल, तर पालिकेचा परवाना असलेला प्लंबरच लागतो. आपला नऊ वर्षांचा अनुभव पाहता तो परवाना स्वतःच काढण्यासाठी पाणीपुरवठा विभागात चौकशी करावी, असे मला वाटते, कारण इतर सगळ्या कामांपेक्षा आपला हात त्याच कामात बसलेला आहे. पाटी लावल्यास मराठी नाव देवनागरीत, आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असावे. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हा नियम लहान आस्थापनांनाही लागू आहे.