जुनी स्पोर्ट्स कार, बेताचा खिसा: तुमचे अनुभव लिहा

चौथा_गिअर
काल पणजीजवळ पर्वरीला गाड्यांच्या रांगेत अडकलो होतो. तिथे सगळेच अडकतात. मागून आवाज आला आणि मान न वळवता कळलं, फियाटची पालिओ १.६! लाल, जीए-०२, बंपर सुतळीने बांधलेला, पण इंजिन सुरेल. चालवणारा पोरगा विशीतला. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

माझ्याकडे तीच होती. २००१ मध्ये पालिओ आली तेव्हा मी कॉलेजात, तिच्या जीटीएक्स मॉडेलची जाहिरात कापून वहीत ठेवलेली. १.६ लिटर, सोळा व्हॉल्व्ह, १०० बीएचपी, आणि मायलेज असं की बाबांनी आकडा ऐकूनच विषय मिटवला. घेतली ती कितीतरी वर्षांनी, बेळगावहून. सेकंडहँड नव्हे, फोर्थहँड. केए-२२ ची जीए-०३ करताना गाडीपेक्षा मीच जास्त धावलो. तिकडून फॉर्म २८ ची एनओसी, इकडे नव्याने रोड टॅक्स, मग तिकडचा टॅक्स परत मिळावा म्हणून अर्ज, आणि प्रत्येक टेबलावर एक कागद कमीच. पण चोर्ल्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये काटा चार हजारांच्या पुढे गेला की... असो, ज्यांनी चालवलीय त्यांना सांगायला नको.

कोट्यधीशांच्या गाड्यांचे फोटो नकोत. पगारात, पीएफला हात न लावता ज्यांनी हौस भागवली त्यांनी लिहा.

आगशीचो_पाव
पीएफला हात लावला. पुढचं विचारू नका.

शुभांगी_फोंडा
मी गाडीवाली नाही, गाडीवाल्याची बायको. चालेल ना?
आमच्या ह्यांनी मुंबईहून दोन सीटांची आणली, बटण दाबलं की छप्पर मागे जातं ती. घरात माणसं पाच. चवथीच्या आधी सासूबाई माटोळीच्या (गणपतीवर फळं-फुलं टांगतात ती) सामानासाठी म्हापशाला निघाल्या, हे म्हणाले आई चल, गाडीतून जाऊ. येताना नारळाची पेण, सुपारीचा घोस, तवशी, चिबूड, सगळं पुढच्या सीटवर. वजनामुळे गाडीला वाटलं माणूस बसलंय, पट्टा लावा म्हणून टिंगटिंग थांबेना. शेवटी नारळांना सीटबेल्ट लावला. आणि सासूबाई? त्या कदंबाच्या बसने आल्या.

चौथा_गिअर
शुभांगीताई, हा फोटो असेल तर टाकाच!

शुभांगी_फोंडा
सासूबाईंची परवानगी नाही 😄

दिवाडीकर
माझी फियाटची अबार्थ पुंटो. १४५ बीएचपी, बोनेटवर विंचू. २०१५ मध्ये नवी निघाली तेव्हा एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत होती, तेव्हाही परवडली नाही. जुनी अर्ध्याहून कमीत मिळाली. पहिला मालक डॉक्टर, सर्व्हिसची बिलं फाइलमध्ये तारखेनुसार लावलेली. मी गाडी नंतर बघितली, फाइल आधी.
आता खरं दुखणं ऐका. जमिनीपासून उंची १५५ मिमी आणि घर दिवाडी बेटावर. म्हणजे रोज फेरीबोट. भरतीला काही त्रास नाही, ओहोटीला बोट खाली बसते आणि रॅम्पचा कोन असा होतो की पुढचा बंपर खर्रर्र. बोटीवरचे खलाशी आता ओळखतात. लांबूनच हात करतात, पात्रांव (मालक), तिरकी घाल! एक चाक आधी, दुसरं मागून, मागे बुलेटवाल्यांचे हॉर्न. मी मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठेवतो. बायको विचारते, मासे मारायला लागलास काय.

रेव_मॅचिंग
माफ करा, पण पालिओ आणि पुंटो स्पोर्ट्स कार कधीपासून झाल्या? हॅचबॅक आहेत त्या. दोन दारं, मागच्या चाकांना ड्राइव्ह, तेव्हा म्हणा स्पोर्ट्स कार.

आगशीचो_पाव
मग सॅन स्टॉर्म शोधा. दोन दारं, दोन सीटं, रेनोचं इंजिन, वर फायबरची बॉडी. गोव्यात न गंजणारी एकमेव.

रेव_मॅचिंग
ड्राइव्ह पुढचाच आहे तिचा.

आगशीचो_पाव
रामा!

ताळगाव_टर्बो
धागा बघून राहवलं नाही. ऑफिसात आहे, तुटक लिहितो.
गंजाचं बोललात म्हणून. किनाऱ्याजवळची गाडी घेताना वरचा रंग बघू नका, रॅम्पवर चढवून पोट बघा. सिलच्या कडा, जॅक लावायची जागा, मागचे शॉकअपचे माउंट. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, आवाज बद्द आला की समजा. मी म्हणूनच दिल्लीची घेतली, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो. तिकडे तेव्हा पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं झाली की रस्त्यावर बंदी होती, त्यामुळे मालक घायकुतीला आलेले असायचे. हवा कोरडी, पोट कोरं. पण एनओसी हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि बाराव्या-तेराव्या वर्षी घेतली की इथे लगेच पंधराव्या वर्षाची फिटनेस, ग्रीन टॅक्स, हे दार ठोठावतंच.
बॉस आला. बाकीचं नंतर.

सर्व्हेअर_काका
विमा सर्व्हेअर म्हणून बरीच वर्षं काढली. टर्बोभाऊंच्या पोटाला माझी पुरवणी. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, २०२१ चा चिपळूणचा पूर, त्यानंतर तिकडच्या धुऊन पुसून चकचकीत केलेल्या गाड्या आपल्या बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग कुणीही बदलतो, रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. ती साबणाने जात नाही. मग डिकीतलं स्टेपनीचं खोरं, गालिच्याखालचा फोम, दाबला की कुबट वास.
काचांच्या कोपऱ्यातले आकडे जुळवा. तीन काचा एका वर्षाच्या आणि चौथी वेगळ्या, तर त्या बाजूला काहीतरी बसलंय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आमच्याकडे एक गृहस्थ आले, मीटरवर वीस हजार किलोमीटर आणि टायर तिसऱ्या सेटचे. मी म्हटलं, गाडी उभ्या उभ्या टायर खाते काय?

नुसता_वाचक
काका, रेंट-अ-कॅबमधून (स्वतः चालवायला भाड्याने देतात त्यातली) निघालेली घ्यावी का? काळी पाटी जाऊन पांढरी झालेली, भाव फारच चांगला सांगतोय.

सर्व्हेअर_काका
चालवणारे किती हात लागलेत ते मोजता येणार असतील तर घ्या.

केपे_एक्सप्रेस
नाव घेत नाही, ऑटोमॅटिक होती, सात गिअर, दोन ड्राय क्लच. मडगावच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्यात कचका बसायला लागला, मग एके दिवशी डॅशबोर्डवर पाना लुकलुकला आणि गाडी जुन्या मार्केटच्या सर्कलला ढिम्म. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा खर्च ऐकला, गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आईला सांगितलं बॅटरी गेली. अजून तिला वाटतं बॅटऱ्या फार महाग झाल्यात.
मी आता सगळ्यांना सांगतो, बजेट पाच असेल तर गाडी साडेतीनची बघ. उरलेले दीड पहिल्या वर्षी ती स्वतःच मागून घेते. टायमिंग बेल्ट, क्लच, बुश, टायर, आणि मालकाने 'आत्ताच केलंय' म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट.

दिवाडीकर
उलट मत. साडेतीनची मोडकी घेऊन पाचची करण्यापेक्षा पाचची धड घ्यावी. फाइलवाली.

केपे_एक्सप्रेस
फाइलवाला डॉक्टर प्रत्येकाच्या नशिबात नसतो, दिवाडीकर 🙏

शुभांगी_फोंडा
ह्यांनी आत्ता मागून वाचलं. म्हणतात छपराचं लिही. पहिल्या पावसात गाडीत घोटाभर पाणी! छप्पर गळत नव्हतंच, पाणी वाहून जायच्या नळ्या आंब्याच्या मोहोराने तुंबल्या होत्या. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घालून साफ केल्या. तारेने करू नका, नळी आतून सुटते. आता मे महिना आला की आधी गाडीच्या नळ्या, मग घराची कौलं.

ताळगाव_टर्बो
आलो परत. पेट्रोलचं कुणीच कसं बोलत नाही? २०१२ मध्ये पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला, लिटरमागे ११ रुपये उतरले, तेव्हा सिंधुदुर्गातले मित्र टाकी भरायला पत्रादेवीपर्यंत यायचे. तेव्हा माझ्याकडे स्प्लेंडर. आता टर्बो आहे आणि पेट्रोल कुठे गेलंय बघा. जुन्या गाडीवाल्यांनी इंधनाचे रबरी पाइप बदलून घ्या, ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मुळे ते लवकर चिरतात.

आगशीचो_पाव
रविवारी चोर्ल्याला कोण येतंय? साखळीला सकाळी पातळभाजी-पाव आणि बन, मग वर. रेव_मॅचिंगनाही बोलवा, पुढच्या ड्राइव्हच्या गाडीत मागे बसवू.

रेव_मॅचिंग
येतो. माझ्याकडे सध्या ॲक्टिव्हा आहे. ड्राइव्ह मागचाच 🙂

नुसता_वाचक
रेंट-अ-कॅबवाली सोडली. पण पालिओची एक बघितली काल, डाव्या हेडलाइटची काच फुटलीय. मिळते का अजून?

चौथा_गिअर
कुठली पालिओ? लाल, बंपरला सुतळी?

नुसता_वाचक
नाही, चंदेरी. डिचोलीची.

चौथा_गिअर
काच बेळगावला उद्यमबागेत मिळेल, नाहीतर कोल्हापूरला उद्यमनगरात विचार. नवीन मॉडेलची घेऊ नकोस, आकार वेगळा. बसने पार्सल मागवणार असशील तर कंडक्टरला आधी सांग काच आहे म्हणून. माझी टपावर टाकली होती.