कमी खर्चात फिश टँक सजवायचाय, घरच्या वस्तू टाकल्या तर चालतं का?

गप्पीप्रेमी:
मंडळी, माझ्याकडे दोन फुटी टँक आहे, साधारण ५५ लिटरचा, आत गप्पी आणि थोड्या मॉली. मासे मजेत आहेत पण टँक पार भकास दिसतो, खाली निळी खडी आणि मागे फिल्टरची वायर नि भिंत. रेडिमेड किल्ले, जहाजं महाग पडतात आणि खरं सांगायचं तर आवडतही नाहीत. बाहेरचे दगड, एखादी फांदी, घरातले शंख असलं काही टाकलं तर चालेल का? मासे मरायला नकोत एवढंच.

काचघर:
आधी मागच्या काचेला बाहेरून काळा चार्टपेपर चिकटव. वायरी काचेमागे सोडल्यास तर त्या लपतात, माशांचे रंग उठून दिसतात, आणि कागद पाण्याला लागतच नाही त्यामुळे टेन्शन नाही. मग ती निळी खडी काढून साधी वाळू टाक, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवून, मागे उंच पुढे उतरती. पण सगळी खडी एका दिवसात काढू नकोस हां, माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये असतात तसे खडीतही असतात. थोडी थोडी काढ, आणि त्या काळात फिल्टरचा स्पंज धुवू नकोस.

दगडधोंडे:
दगड बिनधास्त टाक पण आधी कोरड्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघ, फसफसला तर त्यात चुना आहे, असा दगड पाण्यात विरघळत राहतो आणि पाणी जड (म्हणजे क्षार वाढलेलं) होतं, पीएच पण चढतो. गंजाचे डाग किंवा धातूसारख्या चकाकत्या रेषा दिसल्या तर सोडून दे. ब्रशने घासायचे, साबण नाही. उकळू तर अजिबात नको, आत पाणी अडकलेलं असलं तर दगड फुटतो. मोठा दगड वाळूवर न ठेवता तळाला टेकव आणि मग भोवती वाळू भर, नाहीतर कलंडून काच जायची.
फांदी हिरवी नको, चिकाच्या झाडाची तर नकोच. चांगलं वाळलेलं टणक लाकूड घे, साल काढ, उकळ, आणि आपोआप बुडेपर्यंत बादलीत भिजत ठेव, याला वेळ लागतो. पाणी चहासारखं तपकिरी होईल, ते टॅनिन असतं, माशांना काही होत नाही, पाणी बदलत गेलास की कमी होतं. शंख मात्र नको, तेही चुन्याचेच.

पाणवनस्पती:
शंखाचं नियम म्हणून बरोबर, पण याच्याकडे गप्पी-मॉली आहेत, त्यांना जडच पाणी मानवतं, दोन-चार शंखांनी बिघडत नाही. फक्त पॉलिश किंवा रंग मारलेले नकोत, आणि अरुंद तोंडाचे पण नको, पिल्लं अडकतात.
माझं मत विचारशील तर शोभेच्या वस्तूंपेक्षा झाडं घे. टँकवाल्या मित्राकडून हॉर्नवर्टचा एक तुकडा आण, माती लागत नाही, नुसता तरंगत ठेवला तरी वाढतो आणि गप्पीची पिल्लं त्यात लपतात. मातीची बिनरंगाची छोटी कुंडी आडवी अर्धी वाळूत पुरलीस की गुहा तयार. प्लास्टिकची झाडं घेतलीस तर कडेवरून बोट फिरवून बघ, टोचलं तर शेपट्या फाटणार.

गप्पीप्रेमी:
भारीच, दगडांना व्हिनेगर लावतोच आज! मित्राकडे अनुबियास (पाण्यातलं झाड) पण आहे, तो लाकडाला बांधायचा म्हणतोय, वाळूत लावला तर नाही चालणार?

पाणवनस्पती:
मुळं वाळूत गेली तरी चालतात, पण वरचं आडवं जाड खोड पुरलंस तर कुजतं. म्हणून साध्या दोऱ्याने लाकडाला सैलसर बांध, मुळं धरली की दोरा काढ. लाइट ६ ते ८ तासच ठेव, जास्त ठेवलास तर पानांवर शेवाळ चढतं आणि अनुबियासवर तर लगेच, त्याची पानं फार हळू येतात.