मदत हवी आहे: उतारावर खोगीर पुढे सरकते
माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी असल्याने आमच्या घोडीवर दिवसभर पर्यटकांची ये-जा असते. तिची पाठ रुंद, पोट गोल आणि खांद्याचा उंचवटा जवळजवळ नाहीच, त्यामुळे उतारावर खोगीर मानेकडे सरकते आणि नवखा स्वार डाव्या रिकिबीत पाय देऊन चढू लागला की तेच खोगीर त्याच्या बाजूला कलंडते. तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आणखी आवळावा, तर पुढच्या पायामागची कातडी सोलवटते. तिथले केस आताच झडले आहेत. खोगिराखाली जाड नमदा (लोकरीची गादी) घातला, तर खोगीर उलट अधिकच डुलते. दुमची (खोगीर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेला पट्टा) लावायची झाल्यास शेपटीखाली घासू नये म्हणून ती कितपत सैल ठेवावी, की खोगिराचा सांगाडाच रुंद घ्यावा? गोल पाठीच्या घोड्यांचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.