नॉइज म्युझिक ऐकताना नेमकं काय ऐकायचं?

रेघोटी:
मेर्झबो या जपानी नॉइज संगीतकाराचा ‘पल्स डीमन’ हा १९९६चा अल्बम ऐकायला घेतलाय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता खरखराट, सूर नाही, ठेका नाही, पकडायचं कुठे तेच कळत नाही, आणि तरी बंद करवत नाही. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडच्या गिटारचा कल्ला मला मनापासून आवडतो पण तिथे खाली गाणं असतं ना, इथे गाणंच काढून टाकलंय. मग उरतं त्याला संगीत कशाच्या जोरावर म्हणायचं? आणि कान कुठे लावायचा? नेहमी ऐकणाऱ्यांनी सांगा प्लीज.

खर्जातला:
तू ज्याला सूर म्हणतोस त्यातही नॉइज असतोच, तिथून सुरुवात कर. बासरीतली फुंक, व्हायोलिनच्या तारेवर बो घासल्याची खरखर, पियानोचा हातोडा तारेवर पडतानाची ठक्क, हे सगळं अनियमित कंपन आहे आणि वाद्य ओळखू येतं ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच. पिएर शेफर या फ्रेंच संगीतकाराने १९४८च्या सुमारास पॅरिसच्या रेडिओ स्टुडिओत घंटेच्या रेकॉर्डिंगमधून ठोका पडतो तो क्षण कापून टाकला, उरलेला नाद ऐकला तर ती घंटा वाटेचना! झिम्बाब्वेच्या म्बिरावर, म्हणजे अंगठ्यांनी धातूच्या पट्ट्या छेडून वाजवायच्या वाद्यावर तर शिंपले नाहीतर बाटल्यांची बुचं मुद्दाम लावतात, झणझण यावी म्हणून, त्याशिवाय आवाज अपुरा वाटतो त्यांना. रोलँडच्या ८०८ ड्रम मशीनमधल्या स्नेअर ड्रमची सळसळही व्हाइट नॉइजचीच, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकत्र असलेल्या सुसाट्याची. त्यामुळे मेर्झबो बाहेरून काही आणत नाही असं मला वाटतं, आत होतं तेच पुढे आणून ठेवतो.

टेपहिस:
वरच्याशी सहमत. कान कुठे लावायचा त्याबद्दल माझं सांगतो. पुढे काय येणार याची वाट बघणं सोडायचं आणि एकच थर धरायचा, म्हणजे खालची घरघर घे, ती जाड होतेय का, मधेच तुटतेय का, वरची शिट्टी तिला कापतेय का, एवढंच पाच मिनिटं. नदीच्या धबधब्यापाशी उभं राहिल्यावर हळूहळू वेगवेगळे आवाज सुटे व्हायला लागतात ना, तसंच होतं. मेर्झबो, म्हणजे मासामी आकिता, १९७९पासून हे करतोय आणि त्याच्या कामात दर काही सेकंदांनी पोत बदलतो, तो बदल हीच तिथली चाल समज.

आणि थेट हार्श नॉइजमध्ये, म्हणजे असल्या सलग कर्कश खरखराटात, उडी कशाला मारायची? आधी एडगार व्हारेझ या संगीतकाराचं ‘आयोनिझेशन’ ऐक, १९३१मध्ये पूर्ण झालेलं, जवळजवळ सगळी तालवाद्यं आणि सोबत दोन सायरन, रचना अगदी स्वच्छ कळते. मग शेफरचा आगगाड्यांच्या आवाजांतून केलेला तुकडा, मग लू रीड या रॉक गायकाचं १९७५चं ‘मेटल मशीन म्युझिक’, दोन रेकॉर्डच्या चारही बाजूंवर नुसता गिटारचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून होणारी किंचाळी. लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने तर १९१३मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्रांचे आवाज संगीतात यायला हवेत, आणि त्यासाठी हँडल फिरवून घरघर, फुसफुस काढणारी पेटीसारखी वाद्यंही बनवली. मूळ वाद्यं आज उरली नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

निमूट:
मी थोडा वेगळ्या बाजूचा. प्रत्येक नॉइज रेकॉर्ड भारीच असतं असं नाही. हार्श नॉइज वॉल नावाचा जो प्रकार आहे, ज्यात मुद्दाम काहीच बदलू देत नाहीत, तो मला पहिल्या काही मिनिटांनंतर धरून ठेवत नाही, आवडणारे लोक म्हणतात की काही बदलत नाही म्हणूनच आपलं लक्ष कसं भटकतं ते ऐकू येतं, मुद्दा समजतो पण पटत नाही. माझी कसोटी साधी आहे, करणाऱ्याने काहीतरी निवडलंय हे ऐकू आलं पाहिजे: कधी तोडायचं, काय वर आणायचं, कुठे अचानक शांतता सोडायची. ते ऐकू आलं की माझ्यासाठी ते संगीत.

खर्जातला:
एक राहिलं, हेडफोनवर आवाज जपून. या संगीतात हळू जागा जवळपास नसतातच, त्यामुळे कानाला विश्रांती मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे आणि ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. पोत कळायला कमी व्हॉल्यूम पुरतो, उलट त्यात थर जास्त सुटे ऐकू येतात.

रेघोटी:
खालची घरघर धरून पहिला ट्रॅक परत ऐकला, मधेच ती डावीकडून नाहीशी होते ते आत्ता लक्षात आलं. आता ‘आयोनिझेशन’ लावतो. निमूट, तुटणं आणि शांतता जिथे चांगली वापरलीय अशी एकदोन नावं दे ना.