सिकलसेलचा 'वाहक' म्हणावं की आणखी काही?

धरमपेठकरीण: रामटेकजवळच्या एका शिबिरासाठी सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, पत्रक मराठीत करते आहे. कॅरिअरला 'वाहक' लिहिलं. तिथल्या आशाताईंनी वाचून लगेच सांगितलं, "ताई, वाहक म्हटलं का लोकायले एसटीतला कंडक्टर आठवते, नाही त मलेरियाचा डास. लग्न जुळवताना कोन सांगन, आमची पोरगी वाहक आहे म्हनून?" मला ते पटलं. ज्याला एस जनुक (सिकलसेलचा जीन) एकाच पालकाकडून आलंय त्याला सहसा काही त्रास नसतो, आणि त्याच्यापासून कोणाला लागणही होत नाही. 'धारक' चालेल का?

महालातले मास्तर: धारक म्हटलं की शिधापत्रिका आठवते. वाहकच ठेवा, शास्त्रात रुळलेला शब्द आहे. पण पत्रकात 'अनुवांशिक' छापलंय ते आधी बदला. अनुवंश + इक = आनुवंशिक. अनुषंगावरून आनुषंगिक होतं, तसंच.

वर्धा रोड: सर, पेपरात, फलकांवर, सगळीकडे अनुवांशिकच दिसतं आणि लोकांना कळतंही. एवढं रुळल्यावर अशुद्ध कसं?

महालातले मास्तर: चूक हजार वेळा छापली तरी चूकच. 'वांश' कुठून आणला?

इतवारीची सून: माझा राग त्यातल्या 'वंश'वरच आहे. आमच्या नात्यात एका मुलाला एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारच, निघाला. सासरचे म्हणाले, "आमच्या वंशात त असं काही नाही, हे मायकडूनच आलं." आपल्याकडे वंश म्हणजे बापाची ओळ. एसएस व्हायला दोन्हीकडून एकेक एस यावा लागतो, हे त्या शब्दातून कोणाला कळणार? सरळ 'आईबाप दोघांकडून आलेला' लिहा.

रक्तपेढीवाला: आमच्याकडे येणारे लोक वाहक म्हणतच नाहीत. "मी एएस आहे, बायको पण एएस," असंच सांगतात. एएस म्हणजे एकच एस, वाहक. सोल्युबिलिटी या रक्ताच्या पहिल्या चाचणीत फक्त एस आहे एवढं कळतं. एएस की एसएस, ते इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीत दिसतं. रिपोर्टमधली अक्षरंच त्यांच्या तोंडी बसलीत. शब्दापेक्षा मोठा घोळ पत्रकातल्या 'चारपैकी एका मुलाला आजार' या वाक्यात आहे. एक जोडपं मला म्हणालं, "पहिल्याले झाला, आता तिघं चांगले निघतील." तसं नसते बाप्पा! दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात नव्यानं २५ टक्के शक्यता एसएसची, ५० टक्के एएसची. हे ठळक छापा.

महालातले मास्तर: वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलचंही तेच. दुसऱ्या पिढीत ५४७४ वाटाणे गोल, १८५० सुरकुतलेले. हिशेब मोठ्या संख्येत जुळतो, एका घरात जुळेलच असं नाही. सुरकुती 'अप्रभावी' (रिसेसिव्ह, जोडीतल्या दुसऱ्या जनुकापुढे झाकली जाणारी) असली तरी नाहीशी झाली नव्हती.

वर्धा रोड: अप्रभावी हा शब्दच फसवा आहे. अप्रभावी औषध म्हणजे काम न करणारं. आई विचारते, "अप्रभावी आहे त पोराचे हातपाय काहून एवढे दुखतात?" 'सुप्त' बरा.

महालातले मास्तर: सुप्त म्हणजे झोपलेलं. मग लोक विचारतील, जागं कधी होणार?

धरमपेठकरीण: टक्क्यांचं वाक्य घेतलं. पण वाहकचं काय?

इतवारीची सून: एक विचारू का? वर तुम्ही 'जनुक आलंय', म्हणजे 'ते जनुक', असं लिहिलंय. माझ्या मुलीच्या बाई 'तो जनुक' शिकवतात.

महालातले मास्तर: जनुक नपुंसकलिंगी. ते जनुक, ती जनुके. जन् धातूवरून आला असावा, शेवट भिक्षुकासारखा.

वर्धा रोड: मग भिक्षुक 'तो' कसा, सर? मला तर इंग्रजी 'जीन'च्या आवाजावरून बेतलेला वाटतो.