बारा फुटी सपाट की चौदा फुटी व्ही? आणि 'आपल्याकडे पाणी शांतच असतं' हे कोणी ठरवलं?

महीकाठ
बडोद्यातल्या वारसियाच्या एका मुलाने काल साधा प्रश्न विचारला होता. दोन जुन्या ॲल्युमिनियमच्या बोटी विकायला आहेत. एक १२३६, म्हणजे बारा फुटी, बुडाशी छत्तीस इंच रुंद, सपाट बुडाची, रिव्हेट मारलेली. दुसरी चौदा फुटी, व्ही बुडाची, वेल्डिंगची. तिघे मित्र, कधीतरी वडील सोबत. जायचं मही नदीवर सिंधरोटला, आणि सुट्टीत कडाणा धरणाला. त्यावर गोत्रीच्या गळवाल्यांचं उत्तर आलं: "डोळे मिटून बारा फुटी घ्या. व्ही म्हणजे फुकटचं वजन. आपल्याकडे पाणी शांतच असतं. लाइफ जॅकेटबिकेट घालून गळ टाकता येत नाही." खाली अंगठ्यांची रांग.

मी एरवी गप्प बसतो, पण त्या मुलाने हे वाचून पैसे दिले तर उद्या तो आणि त्याचे वडील त्या बोटीत बसणार आहेत.

सपाट बोट वाईट नाही. चार-पाच इंच पाण्यात तरंगते, वाळूवर चढते, उभं राहिलं तरी लगेच कलत नाही. सिंधरोटच्या संथ पाण्यात सकाळी मरळ धरायला तिच्यासारखी बोट नाही. पण लुणावाड्याच्या पुढे कडाण्याचं पाणी उघडं आहे. मे महिन्यात दुपारी वारा सुटला की मैलभर मोकळ्या पाण्यावरून लाट चालत येते. तिथे सपाट बूड लाट कापत नाही, लाटेवर आपटतं. मी अशाच बोटीत परतत होतो. प्रत्येक आपटीला पुढून पाणी आत येत होतं, सोबतचा माणूस डब्याने उपसत होता आणि वेग वाढवला की अजून पाणी. काठ दिसत होता पण जवळ येत नव्हता. व्ही बूड त्या लाटेला फोडून बाजूला टाकतं, काठही उंच असतात. उभी असताना ती जरा डुलते, मान्य. डुलणं आणि भरणं यात फरक आहे.

आणि माणसांचा हिशेब. बोटीवर क्षमतेची पट्टी (किती माणसं, किती वजन ते लिहिलेली) नसेल तर अमेरिकेत लांबी गुणिले रुंदी फुटात, भागिले पंधरा, असा ठोकताळा आहे. बारा फुटी, वरून चार फूट रुंद: तीन माणसं, तीही हवा चांगली असताना. हे चौघे जाणार आहेत, वर बर्फाची पेटी, बॅटरी, इंजिन.

गोत्रीचा गळवाला
भाऊ, तुम्ही कडाण्याची गोष्ट सांगून सगळ्यांना घाबरवलंत. कडाण्याला हा मुलगा वर्षातून किती वेळा जाणार? बाकी सगळे रविवार तर सिंधरोट. त्याच्याकडे छोटी गाडी आहे. बारा फुटी रिव्हेटची दोन माणसं उचलून टपावर ठेवतात. चौदा फुटीला ट्रेलर लागतो. ट्रेलर ठेवणार कुठे? वारसियाच्या गल्लीत स्कूटर लावायला जागा नाही. बोट जी पाण्यापर्यंत पोचत नाही तिच्या व्हीचं काय लोणचं घालायचं?

मी लहानपणापासून महीत उतरतोय, लाकडी नावेत, ट्यूबवर, कशातही. मला कोणी लाट शिकवू नये.

मकरपुरा आर्गॉन
मकरपुरा जीआयडीसीत ॲल्युमिनियमचंच काम करतो म्हणून बोलतो. तुम्ही दोघे बुडाच्या आकारावर भांडताय, पण जुनी बोट घेताना आकार नंतर. पत्रा कोणता ते आधी विचारा. ५०५२ किंवा ५०८३, म्हणजे बोटीला चालणारं ॲल्युमिनियम, असेल तर पुढचं बोलू. लोक छपराचा नाहीतर भांड्यांचा पत्रा आणून म्हणतात, "ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम, मार वेल्डिंग." ते मऊ असतं, दगडावर घासलं की पोचा पडतो. मी नाही म्हटलं तर दुसऱ्या शेडमध्ये जातात, स्वस्तात करून घेतात, आणि सहा महिन्यांनी तीच बोट माझ्या दारात.

रिव्हेटची बोट वर्षानुवर्षं हादरे खाऊन रिव्हेट सैल झाले की झिरपते. वेल्डिंगची झिरपत नाही, पण फुटली तर वेल्डिंगच्या सांध्याशेजारी फुटते, कारण तापल्यामुळे तिथला पत्रा नरम पडलेला असतो. तपासायची रीत एकच: बोट लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवा, आत थोडं पाणी भरा, आणि बाहेरून जिथे थेंब येईल तिथे खडूने खूण करा. विकणारा हे करू देत नसेल तर निघून या. आणि बाकांखालचा फोम बघा. जुना फोम पाणी पिऊन बसतो. मग बोट जड होते, आणि उलटली तर तरंगत धरून ठेवायला तो काही कामाचा नाही.

कोणी तांब्याचा रंग नाहीतर पितळी नटबोल्ट लावले असतील तर तेही काढा. शेजारचं ॲल्युमिनियम खाऊन टाकतात. धुवारणपर्यंत खाली, खाऱ्या पाण्यात नेलीत तर अजून लवकर.

महीकाठ
आर्गॉन, हे सोन्यासारखं सांगितलंत. गळवाले, 'वर्षातून किती वेळा' हा प्रश्नच चुकीचा आहे. बोट बुडायला एकदाच पुरतं.

हरणीची ताई
मी मासे धरत नाही. माझा भाऊ धरतो म्हणून वाचते. सगळ्यांनी बूड, रिव्हेट, ट्रेलर यावर लिहिलं. "जॅकेटबिकेट घालून गळ टाकता येत नाही" हे वाक्य मात्र महीकाठ दादांनी वर दिलं, आणि पुढे तेही त्यावर काही बोलले नाहीत. बाकी कोणालाच ते खटकलं नाही.

१८ जानेवारी २०२४ ला आमच्या घराजवळच्या हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तो तलाव. नदी नाही, धरण नाही, वारा नाही. त्याच्यापेक्षा शांत पाणी बडोद्यात कुठे दाखवाल? बोटीत जास्त माणसं भरली होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. मी ज्या वर्गाला शिकवते त्याच वयाची मुलं होती. त्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स जात होत्या आणि मी दारात उभी होते. 'पाणी शांतच असतं' हे परत लिहू नका.

गोत्रीचा गळवाला
ताई, त्या मुलांचं दुःख मलाही आहे, मी पण बाप आहे. पण तिथे ठेकेदाराचा हलगर्जीपणा होता. आम्ही मोठी माणसं, पोहता येणारी, आपल्या जबाबदारीवर जातो. प्रत्येक गोष्टीत हरणी आणली की बोलायची सोयच राहत नाही.

सूरसागरच्या काठचा
बोलायची सोय? मी सांगतो. १९९३ ला सूरसागरात बोट उलटली, २२ जण गेले. गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी दुकानं. तेव्हा मी कॉलेजात होतो. बुडालेल्यांत पोहता येणारे नव्हते असं समजू नका. चारजण एकमेकांना धरतात तेव्हा पोहणारा आधी खाली जातो. तीस वर्षांनी तेच परत झालं, आणि आपण अजून "मला पोहता येतं" वर अडलोय.

गोत्रीचा गळवाला
काका, तुम्ही मला त्या ठेकेदाराच्या रांगेत बसवताय. हे मी ऐकून घेणार नाही. माझ्या बोटीत कधी कोणी बुडालं नाही.

हरणीची ताई
बुडालं नाही म्हणून तुम्ही नशीबवान आहात. तो मुलगा तसाच नशीबवान असेल याची हमी तुम्ही देता का? द्या लिहून.

चांदोदकर
मध्ये पडतो, पण मलाही हे टोचलंय. शांत पाणी म्हणता, नर्मदा बघा. सरदार सरोवरच्या नदीतळाच्या वीजघरात २०० मेगावॅटचे सहा संच आहेत. ते चालू झाले की खाली पाणी सोडलं जातं, आभाळात ढगही नसतो. काठावर बोट दगडाला बांधून जेवायला बसलेले लोक मी बघितलेत, परत आले तेव्हा दगड पाण्यात. जॅकेट घाला एवढंच म्हणतो. अमेरिकेत बोटीच्या अपघातात बुडून मरणाऱ्यांपैकी पाचात चाराहून जास्त जणांच्या अंगात जॅकेट नसतं. त्यांच्या बोटी आपल्यापेक्षा चांगल्या आहेत, तरी.

विश्वामित्री पूल
आणि मगरी? त्याबद्दल कोणीच बोलत नाही. पातळ पत्र्याची बोट मगरीने उलटवली तर?

चांदोदकर
मगर सहसा बोटीवर चालून येत नाही हो. धोका काठावर आहे. मासे दोरीला ओवून बाजूला पाण्यात लोंबकळत ठेवता, नाहीतर गुडघाभर पाण्यात बसून साफ करता, तेव्हा ती येते. मासे पेटीत ठेवा, पाय बोटीत ठेवा. बस.

रावपुऱ्यातून
जॅकेट, मगर, सगळं ठीक. माझी खरी अडचण अशी की आमच्या सोसायटीत बोट ठेवूच देत नाहीत. आधी म्हणाले पार्किंगचा नियम. मी पार्किंगचे पैसे भरले. मग म्हणाले वास येतो. धुऊन, सोडा मारून, उन्हात वाळवून आणतो. मग म्हणाले, "आमच्या घरात चालत नाही." अहो, तुमच्या घरात कुठे ठेवतोय? शेवटी मामाच्या शेतावर, पादऱ्याला ठेवली. म्हणून सांगतो, बारा फुटी घ्या. भिंतीला उभी करून वर ताडपत्री टाकली की कोणाला दिसत नाही.

महीकाठ
सोसायटीपासून लपवण्यासाठी बोट निवडायची असेल तर मग रबराची घ्या आणि पलंगाखाली ठेवा. पाण्याच्या हिशेबाने निवडायची असेल तर वर लिहिलंय.

ताई, जॅकेटवर मी आधीच लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं आहे, तर आता लिहितो. ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याचा जोर) जॅकेट बाजूंनी मोकळं असतं, हात फिरतात, गळ टाकता येतो. पण ते शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी. वडिलांसाठी १०० न्यूटनचं घ्या, ते शांत पाण्यात बेशुद्ध माणसाचं तोंडही वर ठेवायला केलेलं असतं. जॅकेट बाकाखाली नाही, अंगात.

मकरपुरा आर्गॉन
इंजिनाचंही बघून घ्या. मागची फळी पंधरा इंची असेल तर आखूड दांड्याचं, वीस इंची असेल तर लांब. उलटसुलट बसवलं की पंखा हवा खातो नाहीतर नदीच्या तळाला घासतो. आणि इंजिन लावलं की २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणी आली. मेच्या उन्हात आतला पत्रा चटका देतो, रबरी चटई टाका. वस्तू पडल्याचा आवाजही कमी होतो, मासा पळत नाही.

गोत्रीचा गळवाला
सगळे एकत्र तुटून पडलात, छान. ठीक आहे. जॅकेटचं वाक्य मी काढून टाकतो, ताईंसाठी. ते हात मोकळे ठेवणारं कुठे मिळतं ते कोणीतरी सांगा. बोटीचं मी मागे घेत नाही. तिघे, सिंधरोट, टपावर बोट: बारा फुटी.

महीकाठ
दोघे, सिंधरोट, वारा सुटायच्या आत परत: बारा फुटी. एवढं मी मानतो. वडील येणार असतील किंवा कडाणा असेल तर चौदा फुटी, आणि ट्रेलर पादऱ्याच्या त्या शेतावर भाड्याने ठेवायचं विचारा. रावपुरेवाले, मामांना विचाराल का?

रावपुऱ्यातून
विचारतो. पण बोट धुऊन आणायची.