अनुयायी नसताना धार्मिक संस्थेत नोकरी, कुणी केलीये का?

काठावरची
मी एका धार्मिक संस्थेच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, सात महिने झाले, मी त्यांच्यातली नाही आणि इंटरव्ह्यूमध्येच त्यांनी सांगितलं होतं की श्रद्धेची अट नाही. पगार वेळेवर, माणसं गोड, नको इतकी गोड. पण शेजारच्या टेबलवरची मुलगी स्वतःच्या आईला फोन करायचा तरी आधी वरच्या ताईंना विचारते. गेल्या महिन्यात एक जण संस्था सोडून गेला, दुसऱ्या दिवशी त्याचा कॉफीचा मग, ड्रॉवरवरचं नाव, भिंतीवरचा ग्रुप फोटो सगळं गायब, मी सहज विषय काढला तर सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये घुसले. आता मला 'शनिवारी सेवेला ये' सुरू झालंय, सेवा म्हणजे तीच व्हाउचर एंट्री, फक्त फुकट. मी उगाच जास्त विचार करतेय का?

जुना_एडिटर
नाही हो. मी अशाच एका ठिकाणी तीन वर्षं व्हिडिओ एडिटिंग केलं. प्रमुखांचं एक भाकीत चुकलं, मला तेवढा तुकडा कापायला सांगितला, मी म्हटलं मूळ फाइल तरी ठेवू, तर म्हणाले ते असं बोललेच नव्हते. अहो मी हेडफोन लावून तीनदा ऐकलं होतं! आणि गंमत म्हणजे खोलीतल्या बाकीच्यांना खरंच तसं वाटत होतं, नाटक नव्हतं ते. तुम्ही अकाउंट्सला आहात म्हणून सांगतो, मागच्या तारखेच्या कुठल्याच कागदावर सही करू नका. तोंडी काही सांगितलं की लगेच मेल टाका, 'आत्ता बोललो त्याप्रमाणे' म्हणून.

सरळसोट
शनिवारी कुठली कंपनी बोलवत नाही? पगार देतायत ना, मान खाली घालून काम करा, त्यांचं त्यांच्यापाशी.

पानं_चाळणारी
@सरळसोट कंपनी सोडली तर जुने सहकारी निदान ओळख तरी देतात. रॉबर्ट लिफ्टन म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, चीनमधल्या 'विचारसुधारणे'तून गेलेल्या लोकांशी बोलून त्यांनी 1961 मध्ये अशा वातावरणाच्या आठ खुणा मांडल्या. त्यातली एक म्हणजे कोण अस्तित्वात आहे आणि कोण नाही हे गटच ठरवतो. तो गायब झालेला कॉफीचा मग वाचून मला तेच आठवलं. अजून एक म्हणजे ठरलेली भाषा, एक घोटून घोटून गुळगुळीत झालेलं वाक्य असतं, ते टाकलं की पुढचा प्रश्नच बंद. तुमच्याकडे ते वाक्य कुठलंय काठावरची? आणि हो, त्या शेजारच्या मुलीशी संस्थेबद्दल वाद घालू नका, तुमचं बोलणं तिला जाऊन वर सांगावं लागत असेल, नाहीतर तीच अडकेल. साधं बोलत राहा, सिनेमा, पाऊस, काहीही. उद्या तिला बाहेर पडावंसं वाटलं तर ओळखीचं एक तरी माणूस असेल.

काठावरची
थँक्यू सगळ्यांना. @जुना_एडिटर तुमचं ऐकून मेल टाकला, 'शनिवारी येते, ओव्हरटाइम कुठल्या हेडखाली टाकू?' अर्ध्या तासात उत्तर आलं, 'हिशोब करणाऱ्या मनाला शांती मिळत नाही.' अकाउंटंटला!! @पानं_चाळणारी हेच ते वाक्य. प्रिंट काढून घरी आणलंय, शनिवारी जाणार नाहीये, आणि सीव्ही अपडेट करायला घेतलाय.